पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त : ऐकणाऱ्याचा इतिहास

मराठी बायबलमध्ये बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना पहिली हाक देतो ती पश्चात्तापाची. मूळ ग्रीक संहितेत तेथे ‘मेटानोइया’ या शब्दाचे क्रियारूप आहे. मन पालटणे, विचारांची दिशाच बदलणे असा त्याचा अर्थ. लॅटिन भाषांतरात त्या जागी ‘पेनितेन्तिया’ हा शब्द आला आणि पुढील हजार-बाराशे वर्षांच्या गुंतागुंतीचे बीज तेथेच पडले. कारण या लॅटिन शब्दात मनाला लागलेली चुटपुट आणि पापाबद्दल भोगावयाची शिक्षा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. मराठीचे भाग्य असे की तिच्याकडे या दोन अर्थांसाठी दोन स्वतंत्र शब्द आधीपासून होते : पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त. पहिला आतला, दुसरा बाहेरचा. पहिला जळतो, दुसरा फेडतो.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे कबुली. मनातला ताप कोणाला तरी शब्दांत सांगितल्याशिवाय त्याचे प्रायश्चित्त ठरवता येत नाही. आपल्या धर्मशास्त्रालाही हे ठाऊक होते. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्यायच प्रायश्चित्ताचा आहे आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत अनुतापाबरोबर ‘ख्यापन’ म्हणजे पाप उघडपणे सांगणे यालाही स्थान आहे. ख्रिस्ती परंपरेने मात्र या सांगण्याला जे मध्यवर्ती स्थान दिले, त्याभोवती जी व्यवस्था उभारली आणि त्यावरून जे कलह झाले, त्यांना तोड नाही. हा इतिहास बहुधा पापांचा किंवा शिक्षांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहावयाचा आहे. कबुली कोणाच्या कानी पडते, यावर तिच्यात पश्चात्ताप उरतो की नाही हे फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे मला वाटते.

समुदायासमोर

पहिल्या काही शतकांत हा ऐकणारा म्हणजे सारी मंडळी होती. बाप्तिस्म्याने माणसाची पूर्वीची पापे धुतली जातात ही श्रद्धा. पण बाप्तिस्म्यानंतर कोणी खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग यांसारखे घोर पाप केले तर काय? इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे तेर्तुलियन याने पश्चात्तापावर ग्रंथ लिहिला. जहाज फुटल्यावर बुडणाऱ्याच्या हाती लागलेली फळी, अशी उपमा त्याने या दुसऱ्या संधीला दिली. ही फळी एकदाच मिळे. पापी माणसाने गोणपाट नेसावे, अंगाला राख फासावी, उपास करावा, मंडळीच्या पाया पडून प्रार्थनेची याचना करावी, आणि दीर्घकाळानंतर बिशपने त्याला पुन्हा प्रभुभोजनाच्या पंक्तीत घ्यावे, असा हा क्रम होता. यासाठी तेर्तुलियनने लॅटिनमध्ये लिहितानाही ‘एक्सोमोलोगेसिस’ हा ग्रीक शब्दच ठेवला. त्या शब्दात पापाची कबुली आहे, तशीच देवाच्या थोरवीची कबुलीही आहे.

इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या आज्ञेने छळ सुरू झाला तेव्हा पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जीव वाचविण्यासाठी रोमन देवतांना आहुती दिल्या, किंवा तशा दाखल्यांची सोय करून घेतली. छळ ओसरल्यावर ही माणसे चर्चच्या दाराशी आली. रोममधील नोवेशियनचे म्हणणे, यांना परत घेता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घेता येईल, पण पश्चात्तापाची कसोटी लावूनच. शेवटी सिप्रियनचा मार्ग मान्य झाला. चर्च ही निष्कलंकांची सभा की रोग्यांचे घर, हा त्यामागील खरा प्रश्न होता.

या सार्वजनिक पद्धतीत एक कठोर समता होती. इ. स. ३९० मध्ये सम्राट थिओडोशियसच्या हुकमाने थेस्सलोनिका येथे नागरिकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप ॲम्ब्रोज याने सम्राटालाही पश्चात्ताप केल्यावाचून प्रभुभोजन देण्याचे नाकारले आणि सम्राटाने ते मानले. परंतु याच पद्धतीत लाजेचा जाचही होता. प्रायश्चित्त एकदाच आणि तेही एवढे कडक, म्हणून लोक ते मृत्युशय्येपर्यंत पुढे ढकलू लागले. काही ठिकाणी पाप्याच्या अपराधांची लेखी यादी सर्वांसमोर वाचून दाखवीत. इ. स. ४५९ मध्ये पोप पहिला लिओ याने ही प्रथा बंद करण्यास सांगितले. धर्मगुरूपाशी गुप्तपणे केलेले निवेदन पुरे आहे, हा त्याचा निर्णय. ऐकणारा बदलण्याची ही सुरुवात होती.

त्याआधीच, इ. स. ३९७ नंतरच्या काही वर्षांत, हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आपली ‘कन्फेशन्स’ लिहिली होती. साहित्याच्या अभ्यासकांना या ग्रंथाचे महत्त्व सांगावयास नको. त्याची रचना मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संपूर्ण ग्रंथ देवाला उद्देशून आहे. वाचक तेथे कान देऊन उभा असतो, पण संबोधन त्याला नाही. दहाव्या भागात ऑगस्टीन स्वतःलाच विचारतो की, देवाला सारे ठाऊक असताना माणसांनी ही कबुली का ऐकावी. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेली नासपतींची चोरी तो किती खोल उकरतो! भूक नव्हती, फळे चांगलीही नव्हती. चोरी चोरीसाठीच केली, आणि सोबत नसती तर एकट्याने केलीही नसती. पापाची यादी आणि पापाची मीमांसा यांतील फरक येथे कळतो. यादी धर्मगुरूला पुरते. मीमांसा करण्यासाठी माणसाला स्वतःचा इतिहास लिहावा लागतो.

कानात

खाजगी, आणि पुन्हा पुन्हा करता येण्याजोग्या कबुलीची पद्धत रोमहून नव्हे, तर आयर्लंडच्या मठांतून आली. तेथे प्रत्येक साधकाला एक ‘आत्म्याचा सोबती’ असे आणि त्याच्यापाशी तो मन मोकळे करी. सहाव्या शतकापासून या मठांत प्रायश्चित्तांच्या पोथ्या तयार झाल्या. अमुक पापाला अमुक दिवस पाणी-पाव, तमुक पापाला तमुक वर्षे उपास, असे त्यांचे स्वरूप. एकच पाप सामान्य माणसाने केले तर शिक्षा कमी, धर्मगुरूने केले तर जास्त. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबानस आणि त्याचे सहकारी ही पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर घेऊन गेले. सर्वांना ती रुचली असे नाही. ५८९ च्या तोलेदो येथील परिषदेने, लोक जितक्या वेळा पाप करतील तितक्या वेळा क्षमा मागतात, म्हणून नाराजी नोंदवली होती. पण माणसाच्या स्वभावाला ही नवी पद्धतच अधिक मानवली. माणूस पुन्हा पुन्हा पडतो हे तिने गृहीत धरले होते.

तिचा दोषही तिच्यातच होता. दरपत्रक आले की हिशेब येतो आणि हिशेब आला की सवलत येते. वर्षाच्या उपासाऐवजी इतकी स्तोत्रे, स्तोत्रांऐवजी इतका दानधर्म, आणि काही ठिकाणी तर आपल्याऐवजी दुसऱ्याने केलेला उपास! प्रायश्चित्त शिल्लक राहिले, पश्चात्ताप मागे पडला. बाराव्या शतकात पीटर ॲबेलार्डने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात भर दिला तो कृतीमागील हेतूवर आणि मनाच्या अनुतापावर. ही त्या हिशेबीपणावरची प्रतिक्रिया मानावयास हरकत नाही.

१२१५ साली रोममध्ये चौथी लॅटरन परिषद भरली. तिच्या एकविसाव्या नियमाने जाणत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी सर्व पापांचे निवेदन करावे, असे बंधन घातले. याच नियमात ऐकणाऱ्याचीही कर्तव्ये आहेत. त्याने कुशल वैद्याप्रमाणे जखमेत तेल आणि द्राक्षारस घालावा, पापाची आणि पाप्याची परिस्थिती नीट विचारून घ्यावी, आणि ऐकलेले शब्दाने, खुणेने वा कोणत्याही रीतीने उघड करू नये. उघड केल्यास त्याचे पद काढून घ्यावे आणि त्याला जन्मभर कडक मठात प्रायश्चित्तासाठी ठेवावे. सबंध युरोपातील शेतकरी, सुतार, व्यापारी, राण्या यांना वर्षातून एकदा स्वतःविषयी प्रथमपुरुषी एकवचनी बोलणे भाग पडले. कोणी, कोठे, कोणाबरोबर, का, कितीदा, हे परिस्थितीचे प्रश्न मुळात अलंकारशास्त्रातील, वक्तृत्वाच्या शिक्षणातील. ते आता सामान्य माणसाच्या अंतरंगाला विचारले जाऊ लागले. कथनाची ही मोठी शाळाच होती.

मध्ययुगीन साहित्यात तिच्या खुणा जागोजाग दिसतात. दान्तेच्या ‘पुर्गातोरियो’त शुद्धिलोकाच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. एक आरशासारखी लख्ख पांढरी, दुसरी काळपट आणि भेगाळलेली, तिसरी रक्तासारखी लाल. भाष्यकारांनी त्यांत परंपरेने अनुताप, कबुली आणि परिमार्जन हे तीन टप्पे पाहिले. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये क्षमापत्रे विकणारा लबाड आहे आणि शेवटी पश्चात्तापावर निरूपण करणारा पाद्रीही आहे. एकाच संस्थेची ही दोन रूपे एकाच यात्रेत चालतात.

दाराबाहेर आणि जाळीआड

क्षमापत्रांचा तो बाजारच शेवटी स्फोटाला कारण झाला. लूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करी. तरीही काही राहिले तर नाही ना, ही धास्ती त्याला सोडीत नसे. १५१६ मध्ये इरास्मसने नव्या कराराची ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली. १५१८ साली आपला गुरू श्टाउपित्स याला लिहिलेल्या पत्रात लूथर सांगतो की, ‘मेटानोइया’चा मूळ अर्थ समजला आणि एके काळी सर्वांत कडू वाटणारा शब्द गोड झाला. त्याच्या १५१७ च्या पंचाण्णव प्रमेयांतील पहिलेच प्रमेय या शब्दाविषयी आहे. ख्रिस्ताने सांगितलेला पश्चात्ताप ही सबंध आयुष्याची गोष्ट आहे, असा त्याचा आशय. धर्मसुधारणेची सुरुवात एका भाषांतराच्या दुरुस्तीतून झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या दुरुस्तीवाचून ती तशी झाली नसती. लूथरने खाजगी कबुलीचा दिलासा सोडला नाही, त्याने सक्ती नाकारली. पुढे बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत पापनिवेदन हे उपासनेतील सामुदायिक प्रार्थनेत विरले आणि ऐकणारा एकटा देव उरला.

कॅथलिक चर्चने १५५१ मध्ये ट्रेंट येथील परिषदेच्या चौदाव्या सत्रात अनुताप, कबुली आणि परिमार्जन ही पाप्याची तीन कर्तव्ये निश्चित केली, आणि धर्मगुरूची भूमिका न्यायाधीशासारखी असल्याचे सांगितले. मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याने १५७७ च्या आपल्या वास्तुविषयक सूचनांत मध्ये जाळी असलेल्या लाकडी पापनिवेदन-कक्षाचे वर्णन दिले. आज चित्रपटांतून ओळखीचा झालेला तो कन्फेशन बॉक्स या काळातला आहे. जाळीने चेहरा झाकला, आवाज तेवढा राहिला. स्त्रियांना धर्मगुरूच्या स्पर्शापासून सुरक्षित अंतर मिळावे हाही त्यामागील एक हेतू होता. ऐकणाऱ्याच्या हातातील सत्तेची जाणीव व्यवस्थेला तेव्हाही होती, हे ध्यानात घ्यावे.

कोणत्या भाषेत?

ट्रेंटचे हे चर्च त्याच काळात समुद्रमार्गे आपल्याकडे येत होते. येथे एक साधा प्रश्न उभा राहिला. पाप सांगावयाचे कोणत्या भाषेत? उपासना लॅटिनमध्ये चालू शकते, प्रवचनासाठी दुभाषी ठेवता येतो. पण कबुलीत दुभाषी आला की गुप्तता संपते. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची भाषा आलीच पाहिजे. मिशनऱ्यांच्या भाषाभ्यासामागे धर्मप्रसाराची जिद्द होती हे खरेच, पण ही रोजची गरजही होती. दक्षिण किनाऱ्यावर काम करणाऱ्या एन्रिके एन्रिकेस या येशूसंघीयाने पापनिवेदनाची तमिळ पुस्तिका तयार केली आणि ती १५८० मध्ये कोचीनला छापली गेली. भारतीय लिपीत भारतात छापलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांत पापनिवेदनाचे पुस्तक असावे, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासात सहसा अधोरेखित होत नाही.

गोव्यात १५७९ साली आलेल्या थॉमस स्टीफन्सला आपण ‘क्रिस्तपुराणा’मुळे (१६१६) ओळखतो. पण त्याची कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका (१६२२) आणि कोकणीचे व्याकरण (१६४०), ही दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली पुस्तके, याच गरजेशी जोडून वाचली पाहिजेत. परक्या माणसाने आपल्या भाषेचे व्याकरण लिहावे ते आपली पापे समजावीत म्हणूनही, ही कल्पना थोडी विचित्र वाटेल. परंतु ती भाषेला दिलेली मोठी पावतीही आहे. गोव्याच्या कोकणीत पापनिवेदनाला ‘कुमसार’ म्हणतात. पोर्तुगीज क्रियापद कोकणी जिभेवर घोळून इतके घरचे झाले की आज त्याचे मूळ सांगावे लागते. पुढे १६८४ मध्ये विजरईच्या फर्मानाने तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याची सक्ती करून स्थानिक भाषा मोडण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. त्याच्या अनेक कारणांत, देवघरातील आणि अंतःकरणातील भाषा हुकमाने बदलत नाही, हेही एक असावे.

गोव्यातच कबुलीचे दुसरे, भेसूर रूपही होते. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, तेथे इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय चालले. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य १६७४ ते १६७६ या काळात त्याच्या कैदेत होता. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तान्ताची ओळख आपल्याकडील अभ्यासकांना अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे (१९६१) झाली. कैद्याला त्याच्यावरील आरोप सांगत नसत. त्याने स्वतःच आठवून, शोधून आपला अपराध सांगावा, अशी अपेक्षा असे. शब्द तेच : कबुली, पश्चात्ताप, दया. पण येथे जाळीऐवजी लेखनिक होता, गुप्ततेऐवजी नोंद होती, आणि माफीच्या बदल्यात दुसऱ्यांची नावे हवी होती. कुमसाराच्या कक्षात आणि धर्मन्यायालयात एकच श्रद्धा दोन प्रकारच्या कानांनी ऐकत होती. एक कान विसरण्यासाठी बांधलेला, दुसरा टिपून ठेवण्यासाठी.

मराठी गद्यात

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात आलेला ख्रिस्ती धर्म प्रामुख्याने प्रॉटेस्टंट होता. त्याच्याकडे जाळी नव्हती, कागद होता. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ पुढे प्रसिद्ध झाले. परमहंस सभेच्या हकिकतीसाठी इतिहासकार ते वाचतात. पण त्याचा सांगाडा ऑगस्टीनच्या घराण्यातला आहे : बालपणीची श्रद्धा, शंका, भय, चालढकल आणि शेवटी निर्णय. मराठी आत्मचरित्राच्या प्रारंभीच्या पायऱ्यांत मनःपरिवर्तनाची कथा असावी हा योगायोग नव्हे. ज्याला आपण बदललो हे सांगावयाचे आहे, त्याला आधी आपण काय होतो ते सांगावे लागते.

याच काळात पुण्यात एक प्रसंग घडला. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर काही प्रतिष्ठितांनी चहा घेतला. पुढे नावे जाहीर झाली, ग्रामण्य माजले, आणि अखेर टिळक व रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतल्याबद्दल रानड्यांना पश्चात्ताप झाला होता असे कोणी म्हणणार नाही. कुटुंबीयांच्या आणि स्नेह्यांच्या सोयीसाठी केलेली ती तडजोड होती. लेखाच्या आरंभी केलेला दोन शब्दांतील भेद इतका स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण मराठी समाजेतिहासात क्वचितच सापडेल. प्रायश्चित्त झाले, पश्चात्ताप नव्हता. ऐकणारे समाजाचे कान समाधान पावले, एवढेच.

१९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात उलट दृश्य दिसले. पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या, बहुतांशी दुष्काळातून वाचलेल्या मुली व स्त्रिया प्रार्थनेत रडत, मोठ्याने आपली पापे सांगत. धर्मगुरू नव्हता, प्रायश्चित्ताचे कोष्टक नव्हते, होता तो ऐकणारा मेळा. सतराशे वर्षांपूर्वीचे समुदायासमोरचे निवेदन वेगळ्या रूपाने परतले होते. या प्रकाराकडे सामूहिक भावावेश म्हणून पाहता येईल आणि तशी टीका तेव्हाही झाली. ज्या मुलींवर जगाने अन्याय केला त्यांनीच पापे कबूल करावीत, हे आजच्या वाचकाला खटकेलही. तरीही ज्यांना कोणी काही विचारले नव्हते त्यांचा ‘मी’ तेथे प्रथम मोठ्याने उच्चारला गेला, हे नजरेआड करता येत नाही. रमाबाईंनी स्वतः १९०७ च्या इंग्रजी निवेदनात मान्य केले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. स्वतःच्या गाजलेल्या धर्मांतराबद्दल असे लिहिण्यास धैर्य लागते.

ऐकणाऱ्याची कबुली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथलिक चर्चने १९७३ च्या नव्या विधीत न्यायालयाऐवजी समेटाच्या भाषेवर भर दिला. त्यानंतर तीनच वर्षांनी मिशेल फूको याने लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात पाश्चात्त्य माणसाचे वर्णन कबुली देणारा प्राणी असे केले. त्याच्या मते कबुली ही सत्तेची रीत आहे, आणि सत्ता बोलणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे असते. इन्क्विझिशनच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. आयरिश साधूच्या ‘सोबत्या’ला किंवा ऑगस्टीनच्या ग्रंथाला ते तितकेसे लागू पडत नाही. तेथे बोलण्याने माणूस बांधला न जाता मोकळा होतो.

प्रश्न मात्र टळत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या पुत्रांनी इतिहासात केलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यात सत्याच्या सेवेसाठी म्हणून केलेल्या असहिष्णुतेचाही उल्लेख होता. शतकानुशतके ऐकणारी संस्था स्वतः गुडघे टेकून बोलली. पुढे धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे देशोदेशी उघड झाली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील चौकशी आयोगाने, शोषणाची माहिती पापनिवेदनात मिळाली तरी ती अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक असावे, अशी शिफारस केली. २०१८ मध्ये केरळात काही धर्मगुरूंवर एका स्त्रीची कबुली तिच्याच विरुद्ध वापरल्याचा आरोप झाला. त्यानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि चर्चने तिला ठाम विरोध केला. १२१५ च्या नियमाने कानावर ठेवलेला विश्वास पुन्हा वादाचा विषय झाला आहे.

या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट निश्चित दिसते. पश्चात्ताप कोणाला सक्तीने करविता येत नाही. प्रायश्चित्त करविता येते. कबुली या दोहोंच्या मध्ये उभी असते आणि ती कोणत्या बाजूला झुकणार हे ऐकणारा ठरवतो. समुदायाचा कान लाज देतो पण परत पंक्तीतही घेतो. हिशेबनिसाचा कान सवलत देतो, न्यायाधीशाचा निकाल देतो, वैद्याचा जखम धुतो. आत्मचरित्र वाचणारे आपण सारे या कानांच्याच परंपरेत बसतो. वर्गात ‘अरुणोदय’ शिकविताना लेखक प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याच्या जोडीला, हे निवेदन आपण कोणत्या कानाने ऐकत आहोत, टिपून ठेवण्याच्या की समजून घेण्याच्या, हाही प्रश्न विचारावयास हवा.